कठड्यावरून पाहिलेलं आरमार

साठ-सत्तरच्या दशकात मुंबईत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला २६ जानेवारीबद्दल विचारलं, तर तो सकाळच्या झेंडावंदनापाशी फार रेंगाळत नाही. रात्रीच्या रोषणाईकडे वळतो. चाळीतल्या बिऱ्हाडांनी वर्गणी काढून ट्रक ठरवायचा, हौद्यात सतरंज्या अंथरायच्या, म्हाताऱ्यांना कडेला टेकून बसवायचं, पोरांना मधे कोंबायचं आणि फोर्टात ‘लायटिंग’ बघायला निघायचं. बोरीबंदर, महापालिका, राजाबाई टॉवर, सचिवालय असं करत वरात शेवटी गेटवेपाशी यायची. तिथे ट्रकमधून उतरून कठड्यापर्यंत पोचायचं म्हणजे गर्दीतून वाट काढणं आलं, आणि पोचल्यावरही पोराला दिसायचं काय, तर समोर उभ्या माणसांच्या पाठी. मग वडील त्याला उचलून दगडी कठड्यावर बसवत आणि पोटाभोवती हात घट्ट धरून उभे राहत.

पुढे काळोख. त्या काळोखात दिव्यांनी रेखलेल्या बोटी.

बोट अशी दिसतच नसे. नाळेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत आणि तिथून खाली मागच्या टोकापर्यंत बल्बांची माळ ओढलेली असे, आणि मधला सगळा लोखंडी देह रात्रीत विरघळलेला असे. त्या वयात पाहिलेली युद्धनौका म्हणजे पाण्यावर टांगलेलं एक चित्र होतं. तोफा, क्षेपणास्त्रं, रडार हे सगळं नंतर आलं. लाट आली की पाण्यातलं चित्र मोडायचं आणि पुन्हा जुळायचं. भारतीय नौदल मुंबईच्या मुलांना पहिल्यांदा भेटलं ते बहुधा असं.

खाडीपलीकडून हेच दृश्य पाहणारी दुसरी मुलं होती. गेटवेपासून दहाएक किलोमीटरवरच्या घारापुरी बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वाड्या आहेत. तिथे मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या केबलने वीज पोचली ती २०१८ साली. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चाले, एरवी कंदील. झेंड्याच्या रात्री नांगरलेल्या आरमाराचा झगमगाट त्या वाड्यांतून दिसायचा आणि त्याच्यामागे अख्खं मुंबई शहर पेटलेलं दिसायचं. एकाच रोषणाईच्या या दोन आठवणी शेजारी ठेवून पाहाव्यात, म्हणजे हे बंदर किती वेगवेगळ्या बालपणांचं आहे ते उमगतं.

दिवसा बोटी वेगळ्या दिसत. राखाडी, निमुळत्या, अंगावर ठळक आकडे. नौदलाच्या बोटीवर नाव मागच्या बाजूला छोट्या अक्षरांत असतं आणि क्रमांक मात्र दोन्ही अंगांना दुरून वाचता येईल एवढा मोठा. त्याआधीचं अक्षर जात सांगतं: डी म्हणजे विनाशिका, एफ म्हणजे फ्रिगेट, आर म्हणजे विमानवाहू. कुलाब्याची पोरं बसचे नंबर पाठ करावेत तसे हे आकडे पाठ करत. कोणता आकडा आठवडाभर दिसला नाही, कोणता आज परत आला, याचा हिशेब त्यांच्यापाशी असे.

आणखी एक कोडं कठड्यावरच्या प्रत्येक मुलाला पडायचं. सकाळी बोटीची नाळ बाहेरच्या समुद्राकडे होती. दुपारी पाहावं तर तीच बोट त्याच जागी, पण तोंड उलटं. कुणी वळवली? कुणीच नाही. नांगर टाकलेली बोट साखळीच्या टोकाला मोकळी असते आणि पाणी जिकडून येतं तिकडे तोंड करून उभी राहते. भरतीचं पाणी बंदरात शिरत असताना तिची नाळ खुल्या समुद्राकडे असते, सुकती लागली की ती हळूहळू फिरते आणि आत, ट्रॉम्ब्याच्या दिशेला पाहू लागते. अशा चार फेऱ्या साधारण पंचवीस तासांत होतात. जोराचा वारा असेल तर तिचं तोंड थोडं तिरकं पडतं, एवढंच. कोळीवाड्यातल्या मुलाला हे कुणी समजावून सांगावं लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित त्याच्या घरात शाळेच्या पाढ्यांआधी येतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. एका हजारो टनांच्या क्रूझरलाही आजोबांच्या होडीचाच नियम लागू आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असायचं.

ज्या गोदीतून या बोटी बाहेर येत, ती मात्र भिंतीआड होती. शहीद भगतसिंग रस्त्यावरून जाताना बसच्या खिडकीतून लांबच लांब भिंत, सिंहांचं ‘लायन गेट’ आणि भिंतीच्या वर डोकावणाऱ्या डोलकाठ्या एवढंच दिसे. भिंतीपलीकडच्या या गोदीची सुरुवात १७३५ची. सुरतेचे कसबी जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी वाडिया यांना ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत आणलं आणि पुढची दीडशे वर्षं त्यांच्या घराण्याने इथे सागवानाची जहाजं बांधली. १७५०मध्ये इथे सुकी गोदी तयार झाली, आशियातली पहिली. लोखंडी बोटींवर दिपून जाणाऱ्या पोरांना ठाऊक नव्हतं की त्या भिंतीमागे कधीकाळी ब्रिटिश आरमाराच्या लढाऊ नौका इथल्याच सुतारांच्या हातून उतरल्या होत्या. त्यांपैकी एकीची गोष्ट पुढे येईल.

स्वतंत्र भारताची पहिली मोठी लढाऊ नौका मुंबईत आली ती सप्टेंबर १९४८मध्ये. ‘आयएनएस दिल्ली’ ही क्रूझर. नवी कोरी नव्हती. ‘अकिलीस’ या नावाने तिने न्यूझीलंडच्या खलाशांना घेऊन दुसरं महायुद्ध लढलं होतं. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेजवळ ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेला ज्या तीन क्रूझरनी घेरलं, त्यांतली ती एक. १९५६मध्ये त्या लढाईवर इंग्रजी चित्रपट निघाला, तेव्हा ‘अकिलीस’ची भूमिका ‘दिल्ली’नेच केली. गेटवेसमोर नेहमी दिसणारी आपली बोट पडद्यावर तोफा डागताना पाहणं ही त्या पिढीच्या मुलांसाठी केवढी गंमत असेल! १९७८ला ती निवृत्त झाली. तिचा एक तोफबुरूज न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नौदल तळावर जपून ठेवला आहे.

याच पाण्यावर मुंबईने एक असा आठवडा पाहिला, ज्याची आठवण सांगताना आवाज बदलतो. १८ फेब्रुवारी १९४६ला कुलाब्यातल्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन केंद्रात हिंदी नाविकांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, पगारातला भेद ही ठिणगी होती. आत स्वातंत्र्याची ओढ धुमसत होती. संपाच्या आधीच बलाईचंद्र दत्त या तरुण नाविकाने तळाच्या भिंतींवर ‘चले जाव’च्या घोषणा रंगवल्या होत्या. दुसऱ्या दिवसापर्यंत बंदरातल्या बोटींवरून ब्रिटिशांचा झेंडा उतरला आणि त्या जागी काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तीन झेंडे शेजारी शेजारी चढले. पाहता पाहता ७८ जहाजं, २० किनारी तळ आणि सुमारे २० हजार नाविक उठावात सामील झाले. यात कोकणी पोरं पुष्कळ होती, कारण रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आरमारात भरती होण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. म्हणजे शहरातल्या कित्येक घरांचा कुणी काका, कुणी मामा त्या बोटींवर होता.

बोटींची रसद तुटली तेव्हा जे घडलं ते गेटवेच्याच फरसबंदीवर. हॉटेलवाले, दुकानदार, रस्त्यावरची साधी माणसं पाव, फळं, दूध, जे हाती लागेल ते घेऊन धक्क्यावर आली. नाविक छोट्या होड्यांतून येऊन ते घेऊन जात. पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनी अडवायचं सोडून पुडकी पोचवायला हात लावला. ज्या बोटींचं मुलांना लांबून नवल वाटायचं, त्यांच्यावरच्या माणसांना आपण जेवू घालायचं, हे त्या दिवशी मुंबईने केलं.

२१ फेब्रुवारीला ‘कॅसल बरॅक्स’मध्ये, म्हणजे आजच्या ‘आयएनएस आंग्रे’च्या आवारात, गोळीबार झाला. २२ला गिरण्या बंद पडल्या आणि परळ-लालबागच्या रस्त्यांवर लष्कराने गोळ्या चालवल्या. मुंबईत दोनशेहून अधिक माणसं गेली. परळच्या कार्यकर्त्या कमल दोंदे त्यांत होत्या. २३ला नाविकांनी शस्त्रं खाली ठेवली. पुढे शेकडो जणांना कामावरून काढून टाकलं गेलं. कुलाब्यात आज त्या उठावाचं स्मारक म्हणून नाविकाचा पुतळा उभा आहे. गेटवेला जाणाऱ्या शाळेच्या सहलीने तिथे पाच मिनिटं थांबायलाच हवं. त्या मुलांचे पणजोबा कदाचित पाव घेऊन धावलेल्यांपैकी असतील.

मुंबईच्या मुलांची सर्वांत लाडकी बोट ३ नोव्हेंबर १९६१ला आली. ‘विक्रांत’. त्याच वर्षी मार्चमध्ये बेलफास्टला ती भारतीय नौदलात दाखल झाली होती. मुंबईत तिचं स्वागत करायला पंतप्रधान नेहरू जातीने आले. दोनशे दहा मीटरच्या आसपास लांबीचं सपाट डेक, एका कडेला मनोरा आणि त्यावर आर ११. इतर बोटींना डोलकाठी होती, तोफा होत्या. ही म्हणजे पाण्यावर आलेलं मैदान. क्रिकेटवेड्या शहरात पोरांनी तिच्यावर किती खेळपट्ट्या मांडता येतील याची मोजदाद केली असेल तर नवल नाही.

त्यानंतर महिना-दीड महिन्यातच बोटी निघाल्या गोव्याकडे. १८ डिसेंबर १९६१ला ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’ अंजदीव बेटावर गेल्या. तिथल्या चकमकीत भारताचे सात नौसैनिक धारातीर्थी पडले. मुरगावच्या बंदरात ‘बेतवा’ आणि ‘बियास’ यांनी पोर्तुगीजांच्या ‘अफोंसो द अल्बुकर्क’ला गाठलं. जखमी झालेली ती बोट दोनापावला-बांबोळीच्या किनाऱ्याला जाऊन रुतली आणि पुढचे काही महिने तिथेच होती. पणजीच्या मुलांनी आजवर तिला मांडवीच्या तोंडाशी ऐटीत उभी असलेली पाहिली होती. आता ओहोटीला ती वाळूत कलंडलेली दिसे. साडेचारशे वर्षांची सत्ता गेली, हे त्या वयाच्या मुलाला पाठ्यपुस्तकाआधी या बोटीने सांगितलं असणार.

माझगावच्या मुलांचा अनुभव आणखी निराळा. १९२७पासून १९७२पर्यंत त्यांच्या धक्क्यासमोर ‘डफरिन’ ही प्रशिक्षण नौका उभी असे. ती व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्यांसाठीची शाळा. पण स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख रामदास कटारी तिच्याच पहिल्या तुकडीत शिकले. शेजारच्या माझगाव गोदीत हातोडे चालू असत, वेल्डिंगच्या ठिणग्या रात्रीही दिसत. २३ ऑक्टोबर १९६८ला त्या गोदीतून ‘निलगिरी’ पाण्यात उतरली. भारतात बांधलेली पहिली मोठी आधुनिक युद्धनौका. ज्यांचे वडील भोंगा वाजला की डबा घेऊन गोदीत जात, त्या मुलांसाठी ही बोट बाबांनी बनवलेली होती, आणि याला तोड नाही.

१९७१च्या डिसेंबरात मात्र कठडा अंधारात गेला. खिडक्यांना काळा कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा रंग, भोंगा झाला की सगळे जिन्याखाली. बंदरातल्या बोटी दिसेनाशा झाल्या होत्या. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर घाव घातला आणि शहर आनंदलं. पाच दिवसांनी, ९ तारखेला, दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली. ती मुंबईहूनच निघाली होती. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परतले नाहीत. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला बोटीबरोबर गेले. कुलाब्याच्या नेव्हीनगरात काही मुलांचे वडील त्या आठवड्यात घरी आले नाहीत. शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा वर्गातल्या इतर मुलांना ते कळलं.

कराचीच्या त्या रात्रीमुळे ४ डिसेंबर हा नौदल दिन झाला. योगायोग असा की गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटनही ४ डिसेंबरचंच, १९२४ सालचं. इंग्रजांनी आपल्या राजाच्या आगमनाची खूण म्हणून उभारलेल्या त्या कमानीखाली मग वर्षानुवर्षं डिसेंबरात भारतीय नौदलाचा बँड वाजत राहिला.

डिसेंबर म्हणजे आणखी एक ओढ: नौदल सप्ताह. त्या दिवसांत निवडक बोटी शाळकरी मुलांसाठी खुल्या होत. पांढऱ्या गणवेशातला नाविक हात धरून फळीवरून आत घ्यायचा. आत गेल्यावर मुलांच्या ध्यानात आधी यायच्या त्या शिड्या, घरातल्या माळ्याच्या शिडीसारख्या उभ्या. दारांचे उंबरे गुडघ्याएवढे. पाणी शिरलं तर एका खोलीचं दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून दार असं असतं, हे तिथे समजायचं आणि घरी आल्यावर आजीला सांगायचं. रंगाचा, डिझेलचा आणि भटारखान्यातल्या कांद्याचा मिळून एक वास असायचा. कुणाला तोफेच्या आसनावर बसायला मिळे. ते मूल पुढचा महिनाभर वर्गात वेगळ्याच ताठ्यात वावरे.

‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त झाली आणि २००१पासून तिच्यावर संग्रहालय सुरू झालं. पोटातल्या हँगरमध्ये सी हॉक विमान हात लावता येईल इतक्या जवळ होतं. अकरा वर्षं मुलं तिच्यावर चढली-उतरली. २०१२मध्ये सांगाडा धोक्याचा झाला म्हणून ती बंद करण्यात आली. तिला कायमची वाचवण्याच्या गोष्टी बऱ्याच झाल्या, त्यासाठी लागणारा पैसा उभा राहिला नाही. लिलाव झाला, न्यायालयात धाव घेऊनही उपयोग झाला नाही, आणि २०१४च्या अखेरीस दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालले. ज्या मुलांनी साठ सालानंतर तिला येताना पाहिलं होतं, ती साठी गाठत असताना ती तुकड्यातुकड्यांनी गेली. तिच्या पोलादातला काही भाग वितळवून मोटारसायकली निघाल्या. लायन गेटसमोर तिच्याच धातूचं एक स्मारक जानेवारी २०१६पासून उभं आहे.

याबद्दल हळहळ वाटते ती उगाच नाही. विशाखापट्टणमने ‘कुरसुरा’ पाणबुडी किनाऱ्यावर ओढून घेतली आणि २००२पासून तिथल्या मुलांना आत फिरता येतं. कारवारच्या समुद्रकाठी ‘चपल’ ही क्षेपणास्त्र नौका आहे. आणि भिंतीआडच्या गोदीतली जी गोष्ट मागे राहिली होती, ती अशी: १२ ऑक्टोबर १८१७ला वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईत मलबारी सागवानाची ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. ती आजही तरंगते आहे, इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावात. ब्रिटनमध्ये तरंगत असलेली सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून त्या गावाने तिची डागडुजी केली, शिडाच्या काठ्या चढवल्या आणि शाळांना बोलावलं. मुंबईच्या सुतारांनी तासलेल्या फळ्यांवरून हार्टलपूलची मुलं धावतात. मुंबईच्या मुलाला ज्या बोटीला हात लावून ‘ही आमची’ म्हणता येईल, अशी एकही बोट या बंदरात ठेवलेली नाही. ‘विक्रांत’ हे नाव आणि आर ११ हा क्रमांक २ सप्टेंबर २०२२ला कोचीत नव्या विमानवाहू नौकेला मिळाला, याचा आनंद खराच. पण जुनीची जागा रिकामी राहिली ती राहिलीच.

२६ नोव्हेंबर २००८ला हल्लेखोर समुद्रातून आले, तेव्हापासून गेटवेच्या आवारात शिरायला तपासणी आहे, अडथळे आहेत. पोराला कठड्यावर बसवून निवांत उभं राहणं आता तितकं सोपं नाही. तरी घारापुरीची आणि मांडव्याची लाँच सुटते. धक्का मागे पडला की डाव्या-उजव्या अंगाला एखादी राखाडी बोट नांगरावर उभी असते. पोरांनी तिचा आकडा वाचून घ्यावा आणि तिची नाळ कुठल्या बाजूला आहे ते बघावं. संध्याकाळी परतताना ती फिरलेली असेल.